कावळ्याची हद्द कशी ओळखायची: मुंबईकरांसाठी घरट्याच्या हंगामाची तयारी

मे महिना लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: "गच्चीवर जाताना सांभाळा, कावळे डोक्यात चोच मारतायत." मग कोणी फांदी छाटायला सांगतं, कोणी घरटंच पाडा म्हणतं, कोणी वॉचमनच्या हातात बांबू देऊन मोकळं होतं. यातलं काहीच करावं लागत नाही. कावळ्याचा हा राग थोड्या आठवड्यांचा असतो, एका ठरावीक झाडाभोवतीचा असतो आणि पुष्कळदा ठरावीक माणसांवरच असतो. ती हद्द आधीच ओळखून ठेवली, तर हंगाम निभावून नेता येतो. घरट्यालाही हात लावावा लागत नाही. त्यासाठी काय पाहायचं, कधी पाहायचं आणि पाहून काय करायचं, ते सविस्तर सांगतो.

आधी कावळा कोणता ते ठरवा

मुंबईत दोन कावळे आहेत. मान आणि छाती राखाडी, बाकी काळा, तो गावकावळा. सगळा काळाभोर, अंगाने थोराड, जाड आणि बाकदार चोचीचा तो डोमकावळा. गावकावळा सगळीकडे असतो. डोमकावळा आरे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, मलबार हिल अशा दाट झाडीच्या भागात जास्त दिसतो, पण जुनी मोठी झाडं असतील तर वस्तीतही येतो. त्याचा आवाज खोल आणि घोगरा असतो.

डोमकावळ्याचा फोटो काढून लोक त्याला 'रेव्हन' म्हणतात; रेव्हन हा कावळ्याच्याच कुळातला मोठा काळा पक्षी. खरा रेव्हन मुंबईत नाही. आपल्या देशात तो हिमालयात आणि वायव्येकडच्या कोरड्या मुलखात आढळतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कावळ्यांच्या हद्दीबद्दल इंटरनेटवर सापडणारं बरंचसं लिखाण रेव्हनबद्दलचं किंवा अमेरिकेतल्या कावळ्यांबद्दलचं असतं. रेव्हनची जमलेली जोडी मोठा टापू राखून असते. जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी अमेरिकेत मेन राज्याच्या जंगलात केलेलं काम प्रसिद्ध आहे: एखादं मेलेलं जनावर जोडीच्या टापूत पडलं, तर एकट्यादुकट्या तरुण रेव्हनला ती हुसकावते, म्हणून हे तरुण इतरांना गोळा करून टोळीनेच येतात आणि जोडीचं काही चालू देत नाहीत. आपल्या गावकावळ्याला हे जसंच्या तसं लावलं की निरीक्षणाची सुरुवातच चुकते.

गावकावळ्याच्या दिवसात तीन वेगळ्या जागा असतात: खाण्याची, रात्री झोपायची आणि घरट्याची. खाण्याची जागा सामाईक. ससून डॉकवर जाळी रिकामी होत असताना किंवा मासळीबाजारात कोळणी कोयत्यावर मासे कापत असताना जो घोळका जमतो, त्यात भांडणं तुकड्यावरून होतात, जागेवरून नाही. झोपायची जागाही सामाईक; संध्याकाळी एकाच दिशेला जाणाऱ्या कावळ्यांच्या रांगा तुम्ही लोकलच्या दारातूनही पाहिल्या असतील. खरी राखण तिसऱ्या जागेची, तीही हंगामापुरती. म्हणून कचऱ्याच्या डब्यापाशी वीस कावळे दिसले तरी तिथे हद्द शोधू नका. डोमकावळ्याची जोडी मात्र दुसऱ्या जोडीपासून चांगली अंतर राखून असते आणि तिचा टापूही मोठा असतो.

मार्चपासून काडीच्या मागे लागा

डोमकावळे लवकर, हिवाळा सरता सरता घरट्याला लागतात. गावकावळ्यांची गडबड मार्च-एप्रिलमध्ये सुरू होते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडतात. हद्द सापडण्याचा सर्वांत सोपा काळ काड्या नेण्याचा, कारण तेव्हा कावळा तुम्हाला स्वतःहून पत्ता देतो. चोचीत काडी असलेला कावळा कुठे जातो एवढंच पाहायचं.

सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ उत्तम. गॅलरीत किंवा जिन्याच्या खिडकीत एकाच जागी अर्धा तास थांबा. दुर्बीण असेल तर छान, नसेल तरी अडत नाही. काडी मोडण्याचं काम बघण्यासारखं असतं. कावळा सुकलेल्या फांदीचं टोक चोचीत धरतो, पीळ देतो, नाही तुटलं तर सरकून दुसऱ्या बाजूने धरतो. तुटलेली काडी लांब असेल तर मधोमध पकडायला दोन-तीनदा चोच बदलतो आणि मगच उडतो. मुंबईत काडीच्या जोडीला तारही असते. बांधकामावरची बाइंडिंग वायर, केबलचे तुकडे, कपडे वाळत घालायचे तारेचे हँगर, सगळं त्या सांगाड्यात जातं. आतली बैठक काथ्या, चिंध्या, केस अशा मऊ मालाची.

घरटं बहुधा उंचावर, फांद्यांच्या बेचक्यात असतं. रेन ट्री, सोनमोहर, गुलमोहर, पिंपळ, आंबा, देशी बदाम यांवर पहिल्यांदा नजर टाका. मग दिव्याचे खांब, मोबाइल टॉवर आणि जाहिरातींच्या लोखंडी सांगाड्यांकडे वळा. एकदा जागा कळली की टक लावून घरट्याकडे बघत उभं राहू नका. कावळ्याला माणसाची नजर कुठे आहे ते समजतं. बोट दाखवून "ते बघ तिथे" असं तर मुळीच करू नका.

गावकावळ्यात नर-मादी दिसायला सारखेच, पण जोडी ओळखता येते. ते एकमेकांची मान खाजवतात. अंडी घातली की एक जण घरट्यात बसलेला आणि दुसरा चारा आणणारा दिसतो. बसलेला पंख थरथरवत पिल्लासारखा आवाज काढून मागतो. एखाद्याच्या पंखातलं पीस तुटलेलं असतं, कोणाच्या पायात मांजाचा धागा अडकलेला, कोणाच्या चोचीचं टोक तुटलेलं. अशी एक खूण मिळाली की रोज येणारा तोच की दुसरा, हा प्रश्न सुटतो.

घरट्यात साधारण तीन ते पाच अंडी असतात, निळसर-हिरवट आणि तपकिरी ठिपक्यांची. सोळा-सतरा दिवसांत ती उबतात आणि पुढे तीन ते चार आठवड्यांत पिल्लं घरट्याबाहेर येतात. म्हणजे अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सहा आठवडे. त्यातही कडक राखण असते ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, पिल्लं कडेला येऊन बसायला लागली की. ही तारीख अंदाजाने कॅलेंडरवर लिहून ठेवा. सोसायटीला "कायम त्रास आहे" म्हणण्यापेक्षा "जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत" असं सांगितलं, तर लोक ऐकतात.

पाठलाग कुठे थांबतो ते टिपा

ही या कामातली सर्वांत मोलाची पायरी आहे. हद्द दिसत नाही, पण ती मोडणाऱ्याला कावळा हाकलतो आणि एका जागी पोचल्यावर पाठलाग सोडून मागे वळतो. ते वळणं म्हणजे हद्द.

कागदावर तुमची इमारत, शेजारच्या इमारती, झाडं, रस्ता यांचा ढोबळ आराखडा काढा. घरट्याला फुली. मग जोडीतला एक जण नेहमी जिथे बसतो ती पहाऱ्याची जागा शोधा: पाण्याची टाकी, डिश अँटेना, गच्चीचा कठडा, नारळाचा शेंडा. अशा एक-दोन जागा ठरलेल्या असतात. नंतर प्रत्येक पाठलागासाठी दोन ठिपके मांडा, सुरू झाला तिथे एक आणि कावळा वळला तिथे दुसरा. कोणाचा पाठलाग होता तेही लिहा. पंधरवड्यात कागदावर एक वाकडंतिकडं कडं उमटतं.

ते कडं सगळ्यांसाठी सारखं नसतं. घारीसाठी ते सर्वांत मोठं. घार उंचावर घिरट्या घालत असली तरी कावळा वर चढून तिच्या शेपटीशी जातो आणि पार लांब सोडून येतो; आजूबाजूचे कावळेही सामील होतात. मांजर झाडाखाली आली तर तिच्या डोक्यावर आरडाओरडा, पण ती वळचणीला शिरली की विषय संपला. शेजारच्या जोडीतला कावळा काडी चोरायला येतो, त्याला झाडाबाहेर काढलं की पुरे.

कोकीळ हा वेगळाच मामला. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि तिचं अंडं कावळ्याच्या अंड्याआधी उबतं. काळा नर समोर येऊन ओरडतो, कावळ्यांची जोडी त्याच्या मागे लागते आणि तेवढ्यात ठिपकेदार मादी घरट्याशी पोचते, असं पक्षीअभ्यासकांनी नोंदवलं आहे. म्हणून एप्रिल-मेमध्ये कोकीळ दिसताक्षणी कावळे तुटून पडतात. तुमच्या आवारात कोकिळेचा पाठलाग रोज होत असेल, तर जवळपास चालू घरटं आहे असं धरून चाला.

आता माणूस. जमिनीवर, अगदी त्याच झाडाखालून शेकडो लोक जातात आणि कावळा मान वाकडी करून बघत बसतो. पण चौथ्या मजल्याच्या गच्चीवर एखादा माणूस कपडे वाळत घालायला आला की लगेच गडबड. याचं कारण उंची. हद्द म्हणजे जमिनीवर मारलेली रेघ नाही, घरट्याभोवतीचा घुमट आहे. जुन्या चाळी आणि चार मजली इमारतींच्या गच्च्या झाडाच्या शेंड्याला लागून असतात, त्यामुळे तिथे उभा राहिलेला माणूस थेट घुमटाच्या आत असतो. नकाशावर म्हणूनच मजला लिहायला विसरू नका. "ए विंगची गच्ची, टाकीची बाजू" इतकं नेमकं लिहा. पुढे सगळा उपयोग त्याचाच आहे.

चोच मारण्याआधी कावळा काय सांगतो

कावळा एकदम अंगावर येत नाही. आधी तो बसलेली जागा बदलतो, तुमच्या डोक्याच्या वर आणि मागे जातो. मग तुटक, कर्कश, घाईघाईचा आवाज सुरू होतो. हा नेहमीच्या सावकाश 'काव काव'पेक्षा वेगळा असतो आणि तो ऐकून इतर कावळेही येतात. यानंतरचं लक्षण लोक पाहतात, पण त्याचा अर्थ लावत नाहीत: कावळा चोच फांदीवर जोरजोरात घासतो, पायाखालच्या डहाळीला टोचा मारतो, पानं ओरबाडून खाली टाकतो. मानेची पिसं फुगलेली असतात. हे दिसलं की तुमच्या हातात थोडेच क्षण आहेत. तोंड कावळ्याकडे ठेवून सावकाश मागे सरका.

कावळा झेपावतो तो जवळजवळ नेहमी पाठीमागून. समोरून बघणाऱ्या माणसावर तो सहसा झडप पूर्ण करत नाही, वरूनच वळतो. म्हणून घाबरून पाठ फिरवून पळणं हा सगळ्यात वाईट उपाय. हात हवेत फिरवणं त्याच्या खालोखाल. बहुतेक वेळा लागतो तो पंखाचा किंवा नखांचा फटका. खरचटलं तर साबणाने धुवा. रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

कावळा डोक्याला शिवला म्हणजे अपशकुन, ही समजूत अजून घराघरांत आहे आणि त्या धास्तीने वयस्कर माणसं दिवसभर अस्वस्थ राहतात. त्यांना वर नेऊन नव्हे, खिडकीतून घरटं दाखवा. पिल्लांची लाल तोंडं एकदा दिसली की आपल्यालाच का शिवला याचं उत्तर त्यांना मिळतं.

चेहरा लक्षात राहतो

सिअॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले संशोधक जॉन मार्झलफ यांनी २००६ साली गुहामानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. त्यानंतर तोच मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं की कावळे ओरडून मागे लागत, आणि कधीच न पकडलेले कावळेही त्यात सामील होत गेले. हे पुढे कित्येक वर्षं चाललं. तो कावळा अमेरिकेतला, पण मुंबईच्या गावकावळ्याचा अनुभव याहून निराळा नाही.

आमच्याकडे एका वॉचमनकाकांनी बदामाच्या झाडाखाली पडलेलं पिल्लू मांजरापासून वाचवायला उचललं आणि कुंडीमागे ठेवलं. हेतू चांगला होता, पण जोडीने पाहिलं ते एवढंच, की या माणसाच्या हातात आपलं पिल्लू आहे. पुढचे कित्येक दिवस गेटवर ये-जा करणाऱ्या सगळ्यांना सोडून कावळे त्यांच्यावरच येत. "मीच वाचवलं आणि मलाच मारतात," असं ते म्हणायचे. त्यांची टोपी बदलून पाहिली, काही उपयोग झाला नाही. छत्री घेतल्यावर मात्र फरक पडला, कारण चेहराच झाकला गेला. पाऊस सुरू झाला, पिल्लं उडाली, तेव्हा कुठे ते थांबलं.

यातून घ्यायचं ते असं: घरट्याजवळ काही करणं भागच असेल, तर ते रोज तिथे वावरणाऱ्या माणसाने करू नये आणि करणाऱ्याने चेहरा झाकावा. काठी उगारणाऱ्यालाही कावळा तसाच लक्षात ठेवतो. बांबू हातात दिलेला वॉचमन पुढे महिनाभर त्याची किंमत मोजतो.

खाऊ घालण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घास घालायचा तर घरट्यापासून लांब, दुसऱ्या बाजूच्या खिडकीत घाला. घरट्याजवळ खाणं ठेवलं की बाहेरचे कावळे आत येतात, जोडी दिवसभर त्यांना हाकलत राहते आणि चिडलेल्या जोडीच्या वाटेत सगळेच येतात.

हंगामातले दिवस कसे काढायचे

मुंबईतली खरी अडचण वाळवणाची. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, सगळं याच महिन्यांत गच्चीवर पसरायचं असतं. नकाशा इथे कामाला येतो. घुमटाबाहेरची बाजू किंवा दुसऱ्या विंगची गच्ची निवडा. ऊन चढल्यावर दुपारी कावळ्यांची धावपळ मंदावते, तेव्हा उलथापालथ करा. राखणीला बसणाऱ्या आजींना छत्री आणि भिंतीला टेकलेली खुर्ची द्या. पाठीमागे भिंत असली की मागून झेपावायला वाट उरत नाही.

टाकी साफ करणारे, केबलवाले, एसीचे मेकॅनिक यांना कोणीच सांगत नाही, आणि उंचावर कठड्याशी काम करताना दचकण्याचा धोका सर्वांत मोठा त्यांनाच असतो. काम पुढे ढकलता येत असेल तर ढकला. नसेल तर हेल्मेट द्या आणि घरट्याकडे तोंड करून एक माणूस उभा ठेवा. गच्चीच्या दारावर साधा कागद लावा: कुठल्या बाजूला घरटं आहे, अंदाजे कधीपर्यंत आणि छत्री कुठे ठेवली आहे. मुलांना घरटं दाखवायचं तर खालच्या मजल्याच्या खिडकीतून.

पिल्लू खाली सापडलं तर

अंगावर पुरती पिसं, आखूड शेपटी, तोंड उघडल्यावर आतून लालसर-गुलाबी: हे उडायला शिकणारं पिल्लू. ते 'पडलेलं' नाही. आईबाप वर आहेत आणि भरवत आहेत. रस्ता किंवा मांजर जवळ असेल तरच हलवा. छत्री उघडा, पिल्लावर सुती कापड टाका, जवळच्या झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवा आणि लगेच निघून जा. तुम्ही थांबलात तर आईबाप खाली येणार नाहीत.

अंगावर पिसंच नसतील, पंख लोंबत असेल किंवा मांजा गुंडाळला असेल, तर मात्र मदत लागेल. हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे पक्ष्यांवरही उपचार होतात. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

मेलेल्या कावळ्याला उघड्या हाताने शिवू नका. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला होता. महापालिकेला १९१६ वर कळवा.

फांदी छाटायची मागणी आली तर

पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि कावळ्यांची घरटी एकाच वेळी येतात. महाराष्ट्रात शहरी भागातली झाडं १९७५ च्या कायद्याखाली येतात. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता किंवा छाटता येत नाही. परवानगी असेल, तर वॉर्डातल्या उद्यान खात्याला लेखी कळवा की अमुक फांदीवर चालू घरटं आहे, धोकादायक फांद्या आधी काढा आणि ही जुलैनंतर घ्या. पत्रासोबत नकाशा आणि फोटो जोडा. "कावळा तर उपद्रवी प्राणी, त्याला कसला कायदा," असं कोणी म्हणेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा तशा यादीत होता, हे खरं. पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली गेली.

मीटिंगमध्ये मात्र दयेचा मुद्दा घेऊन बसू नका, वेळापत्रकाचा घ्या. घरटं पाडलं तर जोडी पुष्कळदा जवळपास नव्याने बांधायला घेते. म्हणजे काड्या, अंडी, पिल्लं, सगळं पहिल्यापासून, आणि त्यात पाडणाऱ्याचा चेहरा लक्षात. तीन आठवड्यांत संपणारा त्रास दोन महिन्यांवर जातो. हे ऐकल्यावर सेक्रेटरी सहसा विषय पुढे ढकलतात.

पावसाळ्यानंतर

जुलै-ऑगस्टमध्ये घुमट विरतो. ज्या गच्चीवर मेमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे आता तीच जोडी दोन ओरडणारी पिल्लं मागे घेऊन शांतपणे फिरते. भाद्रपदात पितृपक्षाचं पान गच्चीवर ठेवाल तेव्हा लक्ष द्या: आधी एकच कावळा येतो की जोडी, आणि घोळका जमल्यावर कोणी कोणाला हाकलतं का. हंगामातल्या वागण्याशी ताडून बघण्याची ही चांगली संधी असते, कारण कावळ्याची एवढी वाट आपण वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी बघत नाही.

नकाशाचा कागद तसाच जपून ठेवा. जोड्या पुष्कळदा त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर परततात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम, गुलमोहर आणि पिंपळाची पानं गळतात तेव्हा जुन्या घरट्यांचे सांगाडे उघडे पडतात. तेवढ्यात आवारात एक फेरी मारून त्यांच्या जागा नव्या कागदावर उतरवून घ्या आणि टाकी साफ करायची तारीख एप्रिलच्या आत घ्यायला सांगा.